'पाड' एकच की दोन? मदत हवी आहे

ज्ञानेश्वरी (शके १२१२) वाचतेय आणि 'पाड' या शब्दापाशी अडकलेय. 'काय पाड' म्हणजे काय किंमत, काय मातब्बरी, हे कळतं, आपण आजही म्हणतो, "तिथे माझा काय पाड!" पण 'येणें पाडें' आलं की अर्थ होतो 'या रीतीने', 'या प्रमाणात'. कुठे तो बरोबरी, तुलनाही सुचवतो.

आमच्या घरी मात्र पाड म्हणजे आंबाच. देठाशी पिवळसर झाक दिसली की आजी म्हणायची, "पाड लागला, उतरवा आता." मग अढी.

किंमत आणि पिकणं, यांचं मूळ एकच असेल का? की नुसतेच सारखे दिसणारे दोन शब्द? जुनी मराठी शिकलेल्यांनी कृपया सांगा. आणि तुमच्या भागात पाड आणखी कशाला म्हणतात?