प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत आणि घरी करण्याजोगे विज्ञानप्रयोग सुचवावेत

धागाकर्ती (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका)

नमस्कार. मी सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. आमच्या शाळेत स्वतंत्र प्रयोगशाळा नाही; साहित्याचे एक कपाट आहे आणि त्यातील बहुतेक परीक्षानळ्या फुटलेल्या आहेत. पाठ्यपुस्तकातील कृती मी वर्गात करून दाखवते, परंतु त्या वेळी मुले नुसती पाहत असतात आणि काय होणार हे त्यांनी आधीच वाचलेले असते. मुलांनी स्वतःच्या हातांनी करावेत, काहीतरी मोजावे लागेल आणि शेवटपर्यंत उत्तर ठाऊक नसेल, असे प्रयोग मला हवे आहेत. साहित्य किराणा किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे असावे, कारण यातील काही प्रयोग मुले घरी पुन्हा करतील. घरी आम्ल, स्पिरिटचा दिवा आणि विजेचा प्लग यांच्याशी त्यांचा संबंध येऊ नये. खायच्या सोड्याचा ज्वालामुखी करून झाला आहे. तो पाहताना मुले टाळ्या वाजवतात, पण नंतर कोणीच प्रश्न विचारत नाही.

प्रतिसाद (निवृत्त विज्ञान शिक्षक, सोलापूर)

ताई, सुरुवात लंबकाने करावी, असे मी आग्रहाने सांगेन. दोरा, हार्डवेअरच्या दुकानातील लोखंडी नट, मीटरपट्टी आणि मोबाईलमधील स्टॉपवॉच एवढे साहित्य पुरते. लंबकाच्या एका आंदोलनाला (एकदा जाऊन परत येण्याला) लागणारा वेळ कशावर अवलंबून असेल, हे प्रथम मुलांनाच विचारावे. वजन, झोक्याची रुंदी आणि दोऱ्याची लांबी ही तिन्ही उत्तरे येतात आणि बहुतेकांचा कौल वजनाला असतो. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून २० आंदोलनांचा वेळ मोजण्यास सांगावे. एकाच आंदोलनाचा वेळ मोजू देऊ नये, कारण बोटाने बटण दाबण्यात होणारी चूक त्यात फार मोठी ठरते.

इथे एक बारकावा आहे. वजन वाढवण्यासाठी मुले दुसरा नट पहिल्याच्या खाली बांधतात, त्यामुळे लंबकाची लांबीही नकळत वाढते आणि 'वजनाने वेळ वाढतो' असा निष्कर्ष निघतो. तो लगेच खोडू नये. दुसऱ्या गटाने दोन्ही नट एकाच गाठीला शेजारी-शेजारी बांधले असतील, तर त्यांचे आकडे फळ्यावर बाजूला लिहावेत. वाद आपोआप सुरू होतो आणि लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजायची असते, हे मुले स्वतःच शोधून काढतात. १ मीटर लांबीला २० आंदोलने सुमारे ४० सेकंदांत होतात. लांबी २५ सेंटिमीटर केल्यावर मुलांना १० सेकंदांची अपेक्षा असते, प्रत्यक्षात मात्र २० सेकंद लागतात. असे का, हे त्याच दिवशी सांगण्याची काहीही आवश्यकता नाही.

प्रतिसाद (पालक, मोटर रिवाइंडिंगचा व्यवसाय, नाशिक)

मॅडम, आठवीच्या मुलांकडून छोटी विद्युत मोटर जरूर करून घ्यावी. १.५ व्होल्टचा एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, रबरबँड, जुन्या स्पीकरमधील चुंबक आणि एनॅमलची, म्हणजे वीज न वाहू देणारा लेप दिलेली, तांब्याची तार लागते. तार कोणत्याही रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. तुकडेच हवे असतील तर बरेच दुकानदार तसेच देऊन टाकतात. पिना रबरबँडने सेलच्या दोन टोकांना बसवाव्यात आणि मध्ये सेलवर चुंबक ठेवावे. सेलभोवती १०-१५ वेढे देऊन कॉइल करावी, ती काढून घ्यावी आणि तिची दोन्ही टोके समोरासमोर सरळ बाहेर काढून पिनांच्या कड्यांत ठेवावीत.

बहुतेकांची मोटर चालत नाही ती तार खरवडण्यातील चुकीमुळे. एका टोकावरील एनॅमल पूर्ण काढायचे, परंतु दुसऱ्या टोकावर फक्त अर्ध्या बाजूचे काढायचे. दोन्ही टोके पूर्ण खरवडली, तर प्रवाह अखंड वाहतो, अर्ध्या फेरीनंतर बल उलट दिशेने लागते आणि कॉइल नुसती थरथरत राहते. मुलांनी दोन्ही प्रकार करून पाहावेत. कॉइल थांबलेली असताना सेल आणि तार तापतात, म्हणून जोडणी फार वेळ तशीच ठेवू नये.

प्रतिसाद (महाविद्यालयीन प्राध्यापिका, पुणे)

शिक्षिकाताई, मेणबत्तीवर पेला उपडा घालून बशीतील पाणी वर चढते, हा प्रयोग आपण करतच असाल. कृपया तो 'हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो' याचा पुरावा म्हणून शिकवू नये. ज्योतीजवळची तापलेली हवा पेला ठेवताना बाहेर पडते, कडेने बुडबुडेही दिसतात, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते. पाणी मुख्यतः त्यामुळे चढते. त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवून पाहा. ऑक्सिजन तेवढाच असूनही पाणी अधिक उंच चढते. प्रचलित स्पष्टीकरण मुलांनी स्वतः तपासून नाकारावे, यासाठी हा प्रयोग फार मोलाचा आहे. मात्र तो शाळेत आपल्या देखरेखीखालीच व्हावा.

या विषयात अरविंद गुप्ता यांचे काम अवश्य पाहावे. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झाला. गुप्ता तेथे १९७८ मध्ये गेले आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्हट्यूब यांपासून भूमितीच्या आकृती करण्याची कल्पना तिथलीच. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती आणि अनेक मराठी पुस्तके विनामूल्य उपलब्ध आहेत.

माझा स्वतःचा सर्वांत आवडता प्रयोग कवडशाचा. छोट्या आरशावर कागद चिकटवून त्यात अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोनी भोक ठेवावे आणि उन्हातून त्याचा कवडसा भिंतीवर पाडावा. आरसा भिंतीजवळ असताना कवडसा चौकोनी दिसतो. दूर नेत गेल्यावर तो गोल होतो. तो गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा. वर्ग अंधारा करून १० मीटरवरून कवडसा पाडला, तर त्याचा व्यास ९ ते १० सेंटिमीटर भरतो. त्यातून भोकाची रुंदी वजा करावी, अंतराने भागावे आणि सूर्याच्या १५ कोटी किलोमीटर अंतराने गुणावे. सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटरच्या आसपास येतो. शाळेच्या व्हरांड्यातून आणि मीटरपट्टीने! सूर्याकडे किंवा आरशातील प्रतिबिंबाकडे थेट पाहू नये आणि कवडसा कोणाच्या डोळ्यांवर पाडू नये, ही सूचना मात्र आधीच स्पष्ट द्यावी.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लंबक आणि मोटर निश्चित केली आहे. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा कवडसा दिवाळीनंतरच शक्य होईल. पावसाळ्यात घरी करण्यासारखे आणखी काही आहे का?

प्रतिसाद (निवृत्त विज्ञान शिक्षक, सोलापूर)

आहे. जास्वंदीच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात भिजवून गाळलेले पाणी घ्यावे. गरम पाणी मोठ्यांनी ओतून द्यावे. त्यात लिंबाचा रस घातल्यास गडद गुलाबी आणि धुण्याचा सोडा घातल्यास हिरवा रंग येतो. सोबत हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या द्याव्यात. त्या साबणाच्या पाण्यात लालसर होतात, पण लिंबाच्या रसात आणि साध्या पाण्यात पिवळ्याच राहतात. प्रत्येकाने घरातील ताक, चिंचेचे पाणी, शाम्पू आणि विहिरीचे पाणी दोन्ही प्रकारे तपासून तक्ता आणावा. मग आम्ल ओळखण्यासाठी हळद का चालत नाही, हे तक्त्यावरूनच विचारावे. जास्वंदीचे पाणी रोज ताजे करावे, शिळ्याचा रंग फिका पडतो.