मदत हवी आहे: मेंदीसाठी मुलीला वर्गाबाहेर उभं केलं, शाळेशी बोलू कसं?

नमस्कार. मुलगी पाचवीत आहे. नागपंचमीला आजीने तिच्या हातावर मेंदी काढली, तर दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. वर डायरीत शेरा, 'मेंदी घालवून पाठवा.' आता मेंदी काय खडू आहे पुसून टाकायला? लिंबू, मीठ, खोबरेल चोळून हात चुरचुरायला लागले, रंग तसाच.

गणवेशाला माझा विरोध नाही. कोणाच्या घरी किती पैसा आहे हे निदान वर्गात तरी दिसत नाही. घट्ट वेण्याही पटतात (उवांचा त्रास काढलेल्यांना विचारा!). लोंबते कानातले नकोत, खेळताना ओढले जातात. पण मेंदीने कोणाचं काय बिघडतं?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. वर्गाबाहेर उभं करणं त्यात धरतात का? कोणी शिक्षक किंवा वकील असतील तर सांगा.

शनिवारी पालकसभा आहे. तिथे सगळ्यांसमोर विषय काढू, की आधी मुख्याध्यापिकांना एकटीने भेटू? पालक-शिक्षक संघामार्फत लेखी अर्ज दिलेला बरा का? नंतर राग मुलीवर निघायला नको. कोणी असा नियम बदलून घेतला असेल तर कसं केलंत ते कळवा.