चढत्या शेअर्समधून राखीव रोख कशी उभी करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला प्रतापनगरात राहतो. वडिलांनी 2012 साली घेतलेले एकाच कंपनीचे शेअर्स वारसाने माझ्या नावावर आले असून, त्यांचा भाव इतका चढला आहे की आमची निम्म्याहून अधिक बचत आता त्या एकाच कंपनीत आहे. बचत खात्यात मात्र जेमतेम तीन महिन्यांचा घरखर्च निघेल एवढीच रक्कम आहे आणि दिवाळीनंतर आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची आहे.

शेअर विकला की दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पैसे मिळतात, मग रोख कशाला अडकवून ठेवायची, असे भाऊजींचे म्हणणे. मला ते पटत नाही. 2020 मध्ये जानेवारीत 12,000 च्या वर असलेला निफ्टी (शेअर बाजाराचा निर्देशांक) मार्चमध्ये 8,000 च्याही खाली आला होता. अशा वेळी दवाखान्याचे बिल समोर आले, तर मिळेल त्या भावाला विकावे लागेल.

दीर्घकालीन नफ्यावर (वर्षाहून अधिक काळ ठेवलेले शेअर्स विकून झालेल्या) आर्थिक वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे 12.5 टक्के आहे. म्हणून थोडे शेअर्स मार्चमध्ये व थोडे एप्रिलमध्ये विकण्याचा विचार आहे. त्याआधी घेतलेल्या शेअर्सचा नफा मोजताना खरेदी किंमत म्हणून 31 जानेवारी 2018 चा भाव धरता येतो, हे वारसाने आलेल्या शेअर्सनाही लागू होते ना?

राखीव रक्कम किती महिन्यांची असावी, आणि ती मुदत ठेवीत ठेवावी की लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात)? भाव चढतच राहिला, तर पुढची विक्री कोणत्या नियमाने करावी, हे अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर सांगावे.