नवी राइड निवडताना लोकांना विचारावं का? आणि विचारायचं तर काय?

बाकावरची आत्या (धागाकर्ती)

एका मनोरंजन उद्यानात दिवस घालवून आलो आणि दोन दिवसांनी फोनवर प्रश्नावली आली. 'पुढची मोठी राइड कोणती हवी?' पर्याय तीन: उंच रोलर कोस्टर, वरून खाली सोडणारा टॉवर, पाण्यात आपटणारी बोट. एकावर टिचकी मारायची की झालं.

माझं बोट तिथेच थांबलं, कारण त्या दिवशीचं चित्र डोळ्यांसमोर होतं. आम्ही सहा जण गेलो होतो. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती आणि मी बाकावर बसून होतो. मांडीवर चार पिशव्या, दोन चष्मे, पायाशी सगळ्यांच्या चपला. भाची उंची मोजायच्या पट्टीखाली उभी राहिली, हळूच टाचा उचलल्या. तिथल्या दादाने प्रेमाने खांद्यावर हात ठेवून तिला खाली टेकवलं. दोन बोटं कमी पडली. रडली नाही ती. माझ्याकडे येऊन म्हणाली, "मग मी कशात बसू?"

हा प्रश्न त्या प्रश्नावलीत कुठेच नव्हता. माझं म्हणणं असं की लोकांना विचारायलाच हवं, आणि ऑर्डर देऊन झाल्यावर नाही, त्याच्या खूप आधी विचारायला हवं. पण 'कोणतं यंत्र आणू?' असं विचारू नका. 'दिवसभरात किती वेळ नुसते बसून होतात? कोणासाठी? का?' हे विचारा. तुम्हाला काय वाटतं?

रांगेचा हिशेब

असहमत, आणि थोडं सविस्तर लिहितो. राइड चालवण्याच्या कामात मी बरीच वर्षं काढली आहेत.

राइड निवडताना आम्ही पहिल्यांदा बघतो ते तासाला माणसं किती बसतील. समजा गाडीत २४ जागा आहेत आणि दर ७२ सेकंदांनी एक गाडी सुटते. तासाला ५० गाड्या, म्हणजे १२०० माणसं. पट्टे तपासायला वेळ लागला, कोणाची पिशवी अडकली, आणि तेच अंतर दोन मिनिटांवर गेलं की ७२० माणसं. बाहेर रांग तीच, उन्हात उभी लेकरंही तीच. मतदानाच्या चौकटीत हा आकडा दिसत नाही. फाटक उघडण्याआधी रोज पहाटे रुळांवरून, चाकांवरून, सेफ्टी बारवरून हात फिरवणारी माणसंही दिसत नाहीत.

लोकांना विचारलं की उत्तर एकच येतं: सगळ्यात उंच, सगळ्यात वेगवान. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर उद्यानात २००५ साली 'किंगडा का' नावाची रोलर कोस्टर उभी राहिली. उंची १३९ मीटर, वेग ताशी २०६ किलोमीटर, आणि सगळा खेळ अर्ध्या मिनिटात आटोपायचा. आली तेव्हा जगात सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान होती. पण बिघाडांमुळे ती वरचेवर बंद असायची. २०२५ च्या सुरुवातीला स्फोटकं लावून तिचा मनोरा पाडला. ओहायोतल्या किंग्ज आयलंड उद्यानाची 'सन ऑफ बीस्ट' आठवा. लाकडी कोस्टरला गाडी उलटी फिरवणारा उभा लूप, २००० साली ही केवढी नवलाई! २००६ मध्ये लाकडी सांगाडा एका जागी खचला, २७ जण जखमी झाले. लूप काढला, २००९ मध्ये राइड बंद पडली, २०१२ मध्ये जमीनदोस्त झाली. विक्रमाची हौस लोकांनाही असते आणि मालकांनाही. मतदान घेतलं की त्या हौसेला वर बहुमताचा शिक्का मिळतो.

चाकावरचा

+१. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये संशोधन जहाजाचं नाव सुचवायला लोकांना सांगितलं, तर 'बोटी मॅकबोटफेस' पहिलं आलं. शेवटी जहाजाला सर डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव दिलं आणि ते गमतीचं नाव गेलं जहाजावरच्या छोट्या पाणबुडी यंत्राला. लोकांनी मत दिलं, निर्णय दुसऱ्यांनीच घेतला. मग विचारलं कशाला?

बाकावरची आत्या

त्या जहाजाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. जिथे लोकांचं काही पणाला लागलेलं नव्हतं तिथे त्यांना विचारलं. जिथे पणाला लागलेलं असतं तिथे विचारा, मग बघा लोक किती जबाबदारीने बोलतात.

टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोला मॉर्गन्स वंडरलँड नावाचं उद्यान २०१० मध्ये सुरू झालं. आखणी करतानाच अपंग मुलांचे आईवडील, उपचार करणारे, विशेष शिक्षक यांच्याशी बोलणं झालं. म्हणून तिथल्या मेरी-गो-राउंडवर आणि झोपाळ्यावर चाकाच्या खुर्चीसकट जाता येतं. २०१७ मध्ये शेजारी वॉटर पार्क झालं. बॅटरीची खुर्ची पाण्यात कशी न्यायची? तर दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या आणल्या. ही अडचण रोज जगणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय असं काही सुचणं अवघड आहे.

रांगेचा हिशेबदादा, तुमचा हिशेब मला मान्य आहे. पण त्या १२०० मध्ये माझी आई नाही, आणि ती तुमच्या कुठल्याच आकड्यात येत नाही.

भिंतीपलीकडची

'लोक' म्हणजे फक्त तिकीट काढणारे, असं दोन्ही बाजूंनी धरलंय. उद्यानाच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांचं काय? त्यांना गाड्या वर ओढणाऱ्या साखळीची खडखड आणि किंकाळ्या हंगामभर ऐकायच्या असतात.

इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स उद्यानात झाडांच्या शेंड्यांवर काही दिसता कामा नये, असं बंधन आहे. त्यामुळे १९९४ साली सुरू झालेली नेमेसिस ही कोस्टर बांधताना वर जाता येईना, म्हणून खडक फोडून खाली गेले. रूळ दरीतून, भिंतींना चाटून जातात, पाय मोकळे लोंबत असतात. जमिनीवर उंची जेमतेम १३ मीटर. तरी जवळजवळ तीस वर्षं लोक तिच्यासाठी येत राहिले, म्हणून मोडीत न काढता रूळ बदलून २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू केली. आजूबाजूच्या परिसराचा विचार करावा लागला आणि त्यातूनच राइड जास्त चांगली झाली, असं मी म्हणेन. इंग्लंडमधल्याच थॉर्प पार्क उद्यानानेही ७२ मीटर उंच हायपेरिया कोस्टरचा परवाना मागण्याआधी, २०२१ मध्ये, आराखडा लोकांपुढे मांडून मतं मागवली होती. पाहुण्याला काय आवडतं याआधी शेजाऱ्याला काय सोसवतं ते विचारावं.

रांगेचा हिशेब

नेमेसिसचं उदाहरण उत्तम, पण त्यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. बंधन बाहेरून आलं, उत्तर मात्र राइडची आखणी करणारे जॉन वॉर्डली आणि अभियंत्यांनी शोधलं. 'जमिनीत खड्डा खणून त्यात कोस्टर घाला' असा पर्याय कुठल्या प्रश्नावलीत आला असता? माणसाला जे माहीत असतं तेच तो मागतो. नवं काही सुचवणं हे कारागिराचं काम आहे.

आणि आत्या, उंचीची पट्टी मतावर सोडू नका, ही कळकळीची विनंती. बार मांड्यांवर आणि कमरेवर बसतो. शरीर लहान असलं की मध्ये फट राहते, आणि गाडी वळणावर उचलली की त्या फटीतून मूल निसटू शकतं. तुमच्या भाचीला ज्याने टाचा टेकवायला लावल्या, त्याने त्या दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं काम केलं.

बाकावरची आत्या

त्याबद्दल त्या दादाचे मी तिथेच आभार मानले होते. पट्टी खाली आणा असं मी म्हणतच नाही. पट्टीच्या खालच्यांसाठी आणि साठीच्या पुढच्यांसाठी, आम्हा तिघींना एकत्र बसता येईल असं काय आहे, एवढंच विचारतेय. त्या अख्ख्या उद्यानात असं एकच होतं, एक छोटी आगगाडी, आणि ती दुरुस्तीला गेली होती.

जुन्या राइडचा माणूस

नवं काय आणायचं यावर एवढं बोलतोय, पण नव्यासाठी जुनं काय जाणार हे कोणी सांगत नाही. जागा तेवढीच असते. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम उद्यानात गोष्टीतल्या मिस्टर टोडची राइड काढणार अशी कुणकुण लागताच लोक निषेधाचे टीशर्ट घालून, पत्रं लिहून, उद्यानात जमून विरोध करत राहिले. १९९८ मध्ये ती बंद झालीच. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये मात्र तीच राइड १९५५ पासून आहे. ज्या गाडीत आपण बापाच्या मांडीला चिकटून बसलो, त्यात आपलं पोर बसवायची इच्छा तासाला किती माणसं या हिशेबात कुठे धरणार? काय आणायचं ते तज्ज्ञांनी ठरवावं, हे मला पटतं. काय काढायचं ते मात्र लोकांना विचारल्याशिवाय ठरवू नये.

चाकावरचा

आठवणीत सगळेच रमतात, पण सुटे भाग मिळेनासे झाले की काय करणार? भावनेवर चाक फिरत नाही. जुनी राइड चालू ठेवायची की नाही हे ती तपासणाऱ्याने ठरवावं, तिथे मत नकोच.

जुन्या राइडचा माणूस

सुरक्षित नसेल तर उद्याच बंद करा, माझी हरकत नाही. पण तसं स्पष्ट लिहून द्या. 'नव्या अनुभवासाठी जागा करत आहोत' असा फलक लावून मोकळं होऊ नका.

रांगेचा हिशेब

हे मान्य. कारण सांगायला हवं.

आत्या, तुमच्या पहिल्या पोस्टवर विचार करतोय. आम्ही रांगेत किती मिनिटं जातात याची नोंद ठेवायचो, गाडी सुटायला किती सेकंद लागले याची ठेवायचो. बाकावर कोण किती वेळ बसलं याची नोंद कधीच ठेवली नाही. मतदानाला माझा विरोध कायम आहे. पण ही मोजणी करता येण्यासारखी आहे, आणि तीसुद्धा राइड निवडण्याआधी. तुम्ही प्रश्नावलीचं काय केलंत शेवटी?

बाकावरची आत्या

तिन्ही पर्याय सोडले. खाली 'इतर' म्हणून एक रकाना होता. आईला विचारून तिच्याच शब्दांत लिहिलं: 'नातीच्या शेजारी बसता येईल असं काहीतरी. वेग कमी चालेल.' पाठवून चार दिवस झाले, अजून उत्तर नाही. आलं की इथे लिहीन.