शाळेचं ग्रंथालय आणि घरची माणसं : मराठवाड्यातले अनुभव

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गोष्टींची पुस्तकं मुळीच नसतात, असं आता म्हणता येत नाही. समग्र शिक्षा योजनेतून ग्रंथालयासाठी अनुदान येतं, पुस्तकं दाखल नोंदवहीवर चढतात आणि कपाटात जातात. तिथं कुलूप लागतं. एखादं पुस्तक गहाळ झालं तर जाब गुरुजींना विचारला जातो, म्हणून. इकडं कितीतरी लेकरांच्या घरी पाठ्यपुस्तक सोडलं तर छापील अक्षर नसतं. घरच्यांच्या भरवशावर ज्यांनी हे कुलूप काढलं त्यांनी इथं लिहावं. पुस्तकं किती जमली ते राहू द्या. कोण येतं, काय करतं, कुठं अडतं, ते सांगा.

शिक्षक, तालुका केज

आमच्याकडं दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, मायबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. काही लेकरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही फडावर जातात. आधी आम्ही जाणाऱ्यांकडून पुस्तकं परत घ्यायचो. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका आईनं बैठकीत विचारलं, "चार महिने लेकरानं कोपीत काय वाचावं?" कोपी म्हणजे फडावरची झोपडी.

त्या दिवसापासून फडावर जाणाऱ्या लेकराबरोबर कापडी पिशवी जाते. नोंद बापाच्या नावावर, पुढं मोबाईल नंबर. समितीनं ठरावही घेतला की हाताळून फाटलेलं किंवा हंगामात हरवलेलं पुस्तक वर्षाअखेरीला बैठकीत मांडायचं, कारण लिहायचं आणि निर्लेखनासाठी, म्हणजे नोंदवहीतून कमी करायला, पाठवायचं. शिक्षकाच्या पगारावर त्याचा भार नको. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलं पाहिजे असं सांगितलंय. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, हेही त्याच कायद्यात आहे. ठराव झाला आणि आमची भीती गेली.

पुस्तकं परत येतात तेव्हा पानांना चुलीच्या धुराचा वास असतो, कोपरे दुमडलेले असतात. मी त्यांना खराब म्हणत नाही. ती वाचली गेलीत.

पालक (आई), तालुका औसा

मी सातवीपर्यंत शिकले. आमचं लेकरू दुसरीत हाय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही तिघी-चौघी बाया थांबतो. मॅडमनी किल्ली आमच्याकडंच दिलीय. एक जण वहीत नाव लिहिते, एक जण पुस्तकं लावते, मी फाटकी बघते.

चिकटपट्टी लावू नका. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, सुटते आणि जाताना कागद घेऊन जाते. मैद्याची पातळ खळ करायची, जुन्या सुती लुगड्याची दोन बोटं रुंद पट्टी फाडायची, पाठीला वरून खाली चिकटवायची. वर कोरा कागद ठेवून रात्रभर शहाबादी फरशीखाली दाबायचं. मधली पानं सुटली असतील तर आधी जाड सुईनं शिवून घ्यायची. खळीत काही जण मोरचूद टाकतात, आम्ही टाकत नाही. लहान लेकरं बोट तोंडात घालून पान उलटतात.

दुरुस्त करता करता मीच गोष्टी वाचायला लागले. आता सासूबाई रोज विचारतात, आज कोणती आणलीस?

शिक्षिका, बंजारा तांडा, जिल्हा हिंगोली

पहिलीतल्या लेकरांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. मराठी पुस्तक हातात दिलं की चित्रं बघून ठेवून देत. मग मी याड्यांना, म्हणजे त्यांच्या आयांना, शाळेत बोलावलं. त्या सांगतात, मी देवनागरीत उतरवते. डाव्या पानावर गोरमाटी, उजव्या पानावर मराठी, चित्रं लेकरांची. कार्डशीटचं वेष्टन, बाजूनं टाके. या वह्यांनाही दाखल क्रमांक दिलाय, त्या कपाटात छापील पुस्तकांशेजारी असतात. सगळ्यात जास्त मागणी त्यांनाच आहे. ज्या आईची गोष्ट, तिचं नाव मुखपृष्ठावर. सही करता न येणाऱ्या बाईचं नाव पुस्तकावर आलं की ती सभेला न बोलावता येते, हे मी पाहिलंय.

निवृत्त शिक्षक, किल्लारी परिसर

आमच्याकडं आजी-आजोबांचा हिस्सा मोठा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा भूकंप लेकरांनी पाहिलेला नाही, पण घरोघरी तो आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, हे प्रत्येक म्हातारं माणूस सांगतं. चौथीच्या मुलांनी विचारून विचारून लिहून घेतलं, जुनं गाव कसं होतं त्याचे नकाशे काढले. ती वही आता ग्रंथालयात आहे. एवढंच बघावं लागतं, की ज्या घरात माणसं गेली तिथं मुलांना प्रश्न घेऊन एकटं पाठवायचं नाही.

शिक्षक, जालना शहर

दानाबद्दल स्पष्ट लिहितो. "घरातली पुस्तकं शाळेला द्या" असं आवाहन केलं की गाइड, स्पर्धा परीक्षांचे प्रश्नसंच आणि जुन्या डायऱ्या येतात. त्यामुळं आम्ही यादीच देतो : मोठं अक्षर, पानभर चित्र, कमी मजकूर. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं आम्हाला परवडतात. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी यादीतलं एक पुस्तक.

बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट मिळतात. झेरॉक्सचं दुकान असलेले एक पालक त्यातली निवडक पानं छापून देतात. सुतारकाम करणाऱ्या दुसऱ्या एका पालकांनी पहिलीच्या पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीची मांडणी केली, पुस्तकाचं तोंड समोर येईल अशी. पूर्वी नुसती पाठ दिसायची आणि वाचता न येणारं पोर त्या पाठीवरून काय निवडणार?

नवीन शिक्षिका, जिल्हा परभणी

सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्याकडं एकही पालक फिरकत नाही. रोजगार बुडवून या असं मी कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही काय करता?

पालक (आई), तालुका औसा

सांगूच नका, ताई. त्या दिवसांत आम्हीबी शाळेत जात नाही. पत्र्याच्या पेटीत निवडून पुस्तकं भरतो आणि जेवणं उरकली की मारुतीच्या पाराजवळ लाइटाखाली उघडतो. पाचवीतली पोरं नोंद करतात. रानातून आलेली माणसं तिथं बसलेलीच असतात. पेटी मात्र रात्री पारावर ठेवू नका, कुणाच्या तरी घरी न्या, आणि खाली दोन विटा द्या. जमिनीला टेकली की वाळवी लागते.