मदत हवी आहे: डी उडवला तरी सी वाढत नाही

वैतागवाडी_एक्सप्रेस: सी ड्राइव्ह लालभडक झालाय, फक्त 900 एमबी उरलेत. डीमध्ये ढीगभर जागा होती म्हणून तो डिस्क मॅनेजमेंटमधून डिलीट केला. तिथे आता काळी पट्टी दिसते. सीवर राइट क्लिक केलं तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' राखाडी, दाबताच येत नाही. उद्या सकाळी ऑफिसची मीटिंग आहे. पटकन सांगा.

पेनड्राइव्हवाला: विंडोज कुठलं? डिस्कवर पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) यादी एमबीआर पद्धतीची की जीपीटी? फोटो टाका.

टक्सप्रेमी: उबुंटू लिनक्सचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेनड्राइव्ह बनवा, त्यात जीपार्टेड हे पार्टिशन बदलायचं सॉफ्टवेअर चालवा, माउसने ओढून पार्टिशन वाढवा. नाहीतरी विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, लगे हात लिनक्सच टाका.

पेनड्राइव्हवाला: त्यांनी अजून विंडोज कुठलं ते सांगितलं पण नाहीये हो!

वैतागवाडी_एक्सप्रेस: 10 च आहे. एमबीआर कुठे बघतात? फोटो चढत नाहीये. लिनक्स नको, मला टॅली लागतं.

तांबडा_रस्सा: शंभर टक्के रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेलं) आडवं आलंय. सीला लागूनच उजवीकडे मोकळी जागा असेल तरच विंडोज वाढवू देतं, मध्ये 500 एमबीचं पिल्लू असलं तरी अडतं. डिस्कपार्ट (विंडोजचं कमांडवालं पार्टिशन टूल) उघडा, ते पार्टिशन सिलेक्ट करून डिलीट ओव्हरराइड, म्हणजे जबरदस्तीने डिलीट, मारा. मी तीन मशीनवर केलंय.

नीलाक्षी: नवख्या माणसाला ओव्हरराइड काय सांगताय राव? एक आकडा चुकला तर सीच जायचा. आणि आधी रीएजंटसी कमांडने रिकव्हरी डिसेबल करायची असते, ते तुम्ही गाळलंत.

तांबडा_रस्सा: माझं तिन्ही वेळा काही बिघडलं नाही.

सदूकाका: तुमचं भांडण चालू द्या. आमच्या वेळी फॅट16 मध्ये (डिस्कवर फाइली मांडायची जुनी पद्धत) डॉसचं पार्टिशन 2 जीबीच्या वर जायचंच नाही, त्यामुळे सी, डी, ई, एफ पाडावेच लागत. ए आणि बी फ्लॉपीचे, म्हणून डिस्क सीपासून सुरू. आता पार्टिशन पाडायची गरजच काय?

नीलाक्षी: काका, तो वेगळा धागा होईल. वैतागवाडी, डिस्क मॅनेजमेंटच्या खालच्या अर्ध्यात डाव्या कडेला करड्या चौकोनात काय लिहिलंय? सी आणि ती काळी पट्टी एकाच ओळीत आहेत का?

वैतागवाडी_एक्सप्रेस: नाही. वर डिस्क 0, 111.79 जीबी, त्यात सी. खाली डिस्क 1, 931.51 जीबी, सगळी काळी. दोन वर्षांपूर्वी दुकानदाराने एसएसडी टाकून दिली होती, जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवलेली. हे सांगायला हवं होतं का?

पेनड्राइव्हवाला: 😑

गणित_मास्तर: 120 ची 111 कशी झाली असं वाटत असेल तर, कंपनी एक जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरते, विंडोज 1024 चा घन धरतं. चोरी नाही.

नीलाक्षी: या वेगवेगळ्या दोन डिस्क आहेत. शेजारच्या घराची खोली आपल्या घरात येत नाही, तसंच हे.

तांबडा_रस्सा: डायनॅमिक डिस्क (अनेक डिस्क जोडून एक ड्राइव्ह करायची विंडोजची सोय) केली तर येते.

नीलाक्षी: बूट व्हॉल्यूमला, म्हणजे विंडोज ज्यात आहे त्या सीला, ती जोडता येत नाही. आणि मायक्रोसॉफ्टनेच आता डायनॅमिक डिस्क वापरू नका म्हटलंय. वैतागवाडी, डीमधला डेटा कुठे आहे?

वैतागवाडी_एक्सप्रेस: 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर. सगळं मिळून 26 जीबीच होतं. एका फाइलला 'फाइल फार मोठी आहे' आलं, स्किप केलं.

पेनड्राइव्हवाला: कुठली फाइल?

वैतागवाडी_एक्सप्रेस: …बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ. 7 जीबीचा.

पेनड्राइव्हवाला: पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात 4 जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही, जागा कितीही असो. आता नीट वाचा: त्या काळ्या पट्टीवर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' दाबू नका. फॉरमॅट नको, तिथे काही कॉपी करायचं नाही. डिलीट केल्याने फक्त पार्टिशन टेबलातली नोंद गेलीय, आतला माल बहुतेक जागेवर असेल. टेस्टडिस्क हे गेलेलं पार्टिशन शोधणारं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घ्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, 931 वाली डिस्क निवडा, अ‍ॅनालाइज, क्विक सर्च. डी सापडला की पी दाबून फाइल दिसतात का बघा, दिसल्या तरच राइट, म्हणजे नोंद परत लिहा.

टक्सप्रेमी: टेस्टडिस्क लिनक्सवर पण चालतं.

सदूकाका: बहिणीला सांगू नका एवढ्यात.

वैतागवाडी_एक्सप्रेस: पोटात गोळा आला होता. रात्री सव्वा बाराला हिरव्या अक्षरात जुनं नाव दिसलं. राइट केलं, रीस्टार्ट केलं, डी परत आला. व्हिडिओ उघडून विहीणपंगतीपर्यंत बघितला. पण सीचं काय?

नीलाक्षी: सुटलात. आता डाउनलोड्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन टॅब असतो, तिथून तो डीवर हलवा. डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा, जुन्या अपडेटचा कचरा निघेल. रॅम किती?

वैतागवाडी_एक्सप्रेस: 8.

नीलाक्षी: हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) वापरत नसाल तर ते बंद करा, साधारण रॅमच्या 40 टक्के म्हणजे 3 जीबीच्या आसपास मोकळे होतील. फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर चालू व्हायची सोय) मात्र जाईल.

वैतागवाडी_एक्सप्रेस: डाउनलोड्सच 38 जीबी निघालं, सगळं डीवर टाकलं. सीची लाल पट्टी निळी झाली. आता व्हिडिओची एक कॉपी पेनड्राइव्हवर टाकतोय तर परत तेच, 'फाइल फार मोठी आहे'.

पेनड्राइव्हवाला: कारण पेनड्राइव्ह तोच आहे. त्यावरचं आधी डीवर घ्या, मग पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, त्यात मोठी फाइल बसते. स्टार्ट दाबायच्या आधी ड्राइव्हचं अक्षर दोनदा वाचा. मोठ्याने.