मदत हवी आहे: सान हुआनचे किल्ले बाबांना दाखवायचेत, गाईड घ्यावा का? कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सध्या आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत. पुढच्या महिन्यात चार दिवस पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर जायचं ठरलंय. त्यातले दोन दिवस मी फक्त तिथल्या राजधानीच्या जुन्या भागासाठी, जुन्या सान हुआनसाठी राखून ठेवलेत आणि ते दोन दिवस वाया जाऊ नयेत म्हणून हा धागा काढतेय.

आधी बाबांबद्दल सांगते, म्हणजे प्रश्न कळेल. बाबा मालवणचे. लहानपणापासून समोर सिंधुदुर्ग. नोकरीत असताना प्रत्येक सुट्टी कुठल्या ना कुठल्या गडावर गेली. आता वय ७१, उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय, पण खिशातली वही अजून तीच. गडावर गेले की ते आधी दरवाजा बघतात, मग तटाच्या दगडावरून हात फिरवतात आणि मग ठरलेला प्रश्न: "पाणी खंय आसा?" सिंधुदुर्गाला चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. हे बघत मोठा झालेला माणूस कुठलाही किल्ला पाण्यावरूनच जोखतो. २०२५ च्या जुलैमध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्या दिवशी त्यांनी मला भारतातून पहाटे फोन करून उठवलं होतं.

गेल्या खेपेला मी त्यांना दुसऱ्या एका जुन्या बंदराच्या शहरात नेलं होतं. घाईत बसची सहल घेतली. किल्ल्यावर बारा मिनिटं आणि भेटवस्तूंच्या दुकानात पाऊण तास. गाईड चालता चालता माइकवर बोलत होता. मी एक वाक्य मराठीत सांगेपर्यंत त्याची पुढची चार झालेली असायची. बाबांनी दोनदा विचारलं, "काय म्हणाला तो?" तिसऱ्यांदा विचारलंच नाही. वही खिशातून बाहेर आली नाही. परत येताना ते बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसले होते. ते मला अजून विसरता येत नाही.

सान हुआनला दोन मोठे किल्ले आहेत एवढं वाचलंय: समुद्राच्या टोकावर एल मोर्रो आणि जमिनीच्या बाजूला सान क्रिस्तोबाल. संकेतस्थळांवर पायी सहली, बसच्या सहली, खासगी गाईड, "फुकट" सहली, सगळ्यांची गर्दी आहे. बाबांना इंग्रजी जेमतेम समजतं, स्पॅनिशचा प्रश्नच नाही. म्हणजे जे काही सांगितलं जाईल ते माझ्या तोंडून मराठीत जाणार. अशा वेळी गाईड घ्यावा का? घेतला तर कसला? गुडघ्याला झेपेल असा क्रम कसा लावावा? आई-बाबा पर्यटक व्हिसावर आहेत, तिथे जाऊन यायला काही अडचण नाही ना? आणि आईला किल्ल्यांमध्ये फारसा रस नाही, तिच्यासाठी काय?

घाटमाथा:

औषध कंपनीच्या नोकरीत तीन वर्षं पोर्तो रिकोत होतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

व्हिसाचं आधी. पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग, विमान देशांतर्गत धरलं जातं. तरी आई-बाबांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत जवळ ठेवा. परतताना विमानतळावर शेतकी खातं सामान तपासतं. आंबे वगैरे घेऊन येऊ नका, काढून ठेवतात.

आता किल्ले. बहुतेक सहली आधी एल मोर्रोला नेतात, कारण फोटो तिथले चांगले येतात. तुम्ही उलट करा. पहिल्या दिवशी सकाळी किल्ला उघडतानाच सान क्रिस्तोबाल. चौकापर्यंत चढण आहे, पण एकदा वर गेलं की बरंचसं सपाटीवर बघता येतं. एल मोर्रोसमोर मोठं उघडं गवताळ मैदान आहे, सावली अजिबात नाही, भर दुपारी ते पार करताना धडधाकट माणूस थकतो. आत गेल्यावर वरचा चौक आरामात बघा. खालच्या मजल्यांवर उताराच्या वाटा आणि जिने आहेत, ते गुडघ्याला विचारून. दोन्ही किल्ल्यांचं तिकीट एकच, माणशी १० डॉलर, चोवीस तास चालतं. म्हणून दुसऱ्या दिवशी एल मोर्रोलाही सकाळीच पोचा. किल्ले राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहेत. त्यांचे रेंजर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये छोटी माहिती देतात, ती तिकिटातच असते. वेळा प्रवेशद्वारापाशी विचारा.

पण क्रम उलटा लावायचं खरं कारण इतिहासात आहे. सुरुवातीला सगळं लक्ष समुद्राकडे होतं. १५३९ मध्ये स्पॅनिशांनी एल मोर्रोचं काम सुरू केलं ते बंदराच्या तोंडावर, येणाऱ्या जहाजावर तोफ रोखायला. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेक आला आणि मार खाऊन गेला. त्यामुळे तिथल्या लोकांना वाटलं असणार की काम झालं. तीनच वर्षांनी, १५९८ मध्ये, दुसरा इंग्रज सरदार, अर्ल ऑफ कंबरलंड आला. तो समोरून आलाच नाही. पूर्वेकडे जमिनीवर उतरला आणि पाठीमागून चालत आला. एल मोर्रो त्याच्या हाती पडला. त्याला हाकललं कोणी? हगवणीने. माणसं पटापट मरू लागली म्हणून काही आठवड्यांत शहर सोडून गेला. मग १६२५ मध्ये डच थेट बंदरात शिरले, शहरात ठाण मांडलं आणि जाताना आग लावून गेले. एल मोर्रो मात्र त्यांना मिळाला नाही. या दोन धक्क्यांनंतर शहराभोवती तट उभा राहू लागला आणि जमिनीच्या बाजूला सान क्रिस्तोबाल वाढत गेला. स्पेनने अमेरिका खंडात बांधलेला हा सर्वांत मोठा किल्ला, १७८३ च्या सुमारास पुरा झाला. १७९७ मध्ये अॅबरक्रॉम्बी इंग्रजांची मोठी फौज घेऊन पुन्हा पूर्वेकडूनच आला आणि दोन आठवड्यांत परत फिरला. तुमच्या बाबांना हे एका वाक्यात कळेल: पुढचा दरवाजा भक्कम होता, घर मागच्या दाराने लुटलं गेलं, म्हणून मागे दुसरा वाडा बांधला. हे आधी घरी सांगून ठेवा, मग सान क्रिस्तोबालच्या एकापुढे एक तटांचा अर्थ त्यांना चालता चालता लागेल.

गाईड घ्या, पण फक्त तुमच्या कुटुंबापुरता आणि अर्धाच दिवस. निवडताना किंमत विचारायच्या आधी दोन गोष्टी लिहून पाठवा. पहिली: "१५९८ मध्ये किल्ला कसा पडला, हे आम्हाला जागेवर दाखवाल का?" ज्याला हे ठाऊक आहे तो उत्साहाने उत्तर देतो, बाकीचे सहलीचं छापील वर्णन चिकटवतात. दुसरी: "दर दोन-तीन वाक्यांनंतर थांबावं लागेल, मी मराठीत सांगणार आहे." काहींना हे जमत नाही, त्यांची चाल तुटते. आधीच कळलेलं बरं. "फुकट" सहलींत शेवटी बक्षिसी द्यायची असते. लोक चांगले असतात, पण वीस-पंचवीस जणांच्या घोळक्यात तुम्हाला भाषांतराला जागा मिळणार नाही.

बंदरावर क्रूझ कुठल्या दिवशी लागतात ते बघून ठेवा. जहाजं जुन्या शहराच्या अगदी पायथ्याशी येतात, त्या दिवशी गल्ल्या फुलतात.

आणि पाणी. किल्ल्यात पावसाचं पाणी धरत. सान क्रिस्तोबालच्या चौकाखाली पाच टाक्या आहेत, मिळून सात लाख गॅलनांहून जास्त पाणी मावायचं. बाबांना हे आधी सांगू नका. गाईडला त्यांनाच विचारू द्या.

खडीसाखर:

तुमच्या आईसाठी लिहिते, कारण मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते आणि त्यांनाही किल्ल्यांचा कंटाळा होता.

सान हुआन दरवाजा नक्की दाखवा. तांबडा, उंच, तटात बसवलेला. समुद्रातून सुखरूप आलेले लोक इथून शिरून सरळ चढण चढत कॅथेड्रलला आभार मानायला जायचे. जवळच ला रोगातिवा नावाचं शिल्प आहे, बिशप आणि मशाली घेतलेल्या बायका. कथा अशी सांगतात की १७९७ च्या वेढ्यात बायकांची प्रार्थनेची मिरवणूक रात्री निघाली आणि मशाली बघून इंग्रजांना वाटलं नवी कुमक आली, म्हणून ते निघून गेले. सासूबाई तिथे बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "आपल्याकडे दिंडी निघते तशीच की गं."

दरवाज्याबाहेर पडलात की तटाच्या पायथ्याने, समुद्राला लागून एक फरसबंद वाट जाते. चढ-उतार फारसा नाही. ती एल मोर्रोखाली जाऊन संपते, वर किल्ल्यात जात नाही, त्याच वाटेने परत यावं लागतं. पण तट खालून बघायचा तर तिथूनच. बाबांना हात लावायला भिंतच भिंत आहे. वाटेत मांजरंही खूप.

जेवणाचं: आर्रोस कोन गांदुलेस म्हणजे तुरीच्या दाण्यांचा भात. ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी खाणाऱ्या माणसाला चव लगेच ओळखू येते. पण त्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं. मोफोंगो हे कच्च्या केळ्याचं कुटलेलं प्रकरण, त्यातही तेच. शाकाहारी दिवस असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. तोस्तोनेस, म्हणजे दोनदा तळलेले कच्च्या केळ्याचे चपटे काप, बिनधास्त घ्या. पिराग्वा म्हणजे आपला बर्फाचा गोळाच, गाडीवर मिळतो.

गल्ल्यांतले निळसर दगड पाऊस पडला की निसरडे होतात. चपला नकोत, बूट घाला.

तिरपी_वाट:

माझं मत वेगळं. गाईड घेऊच नका. लेकीने वाचून जावं आणि स्वतः सांगावं. बाबा गाईडचं ऐकायला येत नाहीयेत, तुमच्याबरोबर बघायला येतायत. एल मोर्रोच्या मैदानावर लोक पतंग उडवतात, वारा कायम असतो. एक पतंग विकत घ्या, संध्याकाळी तिथेच बसा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. तिरपी_वाट, तुमचं वाक्य दोनदा वाचलं. मध्यम मार्ग काढतेय: पहिल्या दिवशी अर्धा दिवस गाईड, दुसऱ्या दिवशी आम्हीच. पाच जणांना घाटमाथांचे दोन प्रश्न पाठवले. तिघांनी सहलीचं वर्णन चिकटवलं, एकाचं उत्तर नाही. पाचव्या बाईंनी उलट विचारलं, "तुमच्या वडिलांना काय बघायला आवडतं?" त्यांना ठरवलं.

धागाकर्ती (परत आल्यावर):

काल रात्री परतलो. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सान क्रिस्तोबालच्या चौकात बाबा टाकीच्या तोंडाशी थांबले, वाकून बघितलं आणि माझ्याकडे न बघता गाईडबाईंनाच मालवणीत विचारलं, "पाणी खंय आसा?" मी भाषांतर करायच्या आधीच बाईंनी पायाखालच्या फरशीवर बूट आपटून दाखवला. त्यांना शब्द कळले नव्हते, पण तिथे वाकलेला माणूस काय विचारतो ते त्यांना माहीत होतं. मग पुढची वीस मिनिटं चौकाचा उतार कुठे, पाणी कुठून आत जातं, हेच चाललं होतं. बाबांनी चौक पावलांनी मोजला. वही निघाली.

भुयारातल्या कोठडीत भिंतीवर जहाजांची चित्रं आहेत. शिक्षेची वाट बघणाऱ्या एका कप्तानाने काढली असं सांगतात. बाबांनी डोलकाठ्या मोजल्या आणि दोऱ्या बरोबर आहेत म्हणाले. एल मोर्रोच्या खालच्या मजल्यांवर आम्ही गेलोच नाही. संध्याकाळी मैदानावर आईने पतंगाची दोरी धरली, बाबांनी ढील द्यायला शिकवलं.

आता एक शेवटची मदत. गाईडबाईंनी सांगितलं की तटाला आत-बाहेर दोन दगडी भिंती आहेत आणि मधली जागा वाळू-दगडाने भरलेली आहे. बाबांना दगडांच्या सांध्यांमधला चुना बघून पडलेला प्रश्न सुटलेला नाही. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं असं आपल्याकडे सांगतात. इथे चुन्यात काय मिसळत असत? वहीत त्यांनी त्यासाठी अर्धं पान कोरं सोडलंय. कोणाला माहीत असेल तर कृपया लिहा, ते अजून तीन आठवडे इथे आहेत.